पट्टा मऊ होता

दप्तराचा पट्टा तुटला तेव्हा मी हसत होते. एक पाय बसच्या पायरीवर, एक रस्त्यावर, आणि मागे दारात उभी असलेली टाचणी (माझी मैत्रीण, अंगाने टाचणी आणि जिभेनेही) काहीतरी टोचून बोलली होती. त्यावर मी सबंध रस्त्याला ऐकू जाईल अशी हसले आणि उजवा खांदा एकदम हलका झाला. आवाज म्हणून झाला नाही. शिवण उसवते तेव्हा टर्र होतं, कडी निघते तेव्हा खट्ट होतं. हा पट्टा नुसता संपला. दप्तर आधी माझ्या गुडघ्यावर आणि मग रस्त्यावर आपटलं, कंपासपेटीने तोंड उघडलं, पेन्सिली वाट फुटेल तिकडे गेल्या आणि बस सुटली. टाचणी खिडकीतून अर्धी बाहेर येऊन ओरडली, "अगं ए, जगातला सगळ्यात मजबूत पट्टा ना तो?" मीही ओरडले, "डोकं आत घे, नाहीतर तेही तुटेल!" बस वळणाआड गेली आणि माझं हसू तोंडावर तसंच राहिलं, पाहुणे गेल्यावरही दिवाणखान्यातला दिवा चालू राहतो तसं. मग मी खाली बसून पेन्सिली गोळा करायला लागले आणि त्या गोळा करता करता मला कळलं की आत्ता काय झालंय.

थांब्याच्या बाकावर बसले. पट्ट्याची दोन टोकं दोन हातांत घेतली. लाल पट्टा, माझ्या आवडीचा लाल, पिकलेल्या टोमॅटोचा नव्हे, नवीन टपालपेटीचा. टोकांवरचे तंतू पिंजल्यासारखे झाले होते आणि बोटाने चोळले तर बारीक लाल भुगा निघत होता. समोर एक उंच इमारत रंगवायचं काम चाललं होतं. दोन रंगारी दोरांवर लोंबत होते, एक खिडकीच्या वर, एक खाली, आणि वरचा खालच्याला काहीतरी चिडवत असावा, कारण खालच्याने ब्रश उगारला आणि दोघेही भिंतीला पाय लावून झोके घेतल्यासारखे हलले. त्यांच्या कमरेला, मांड्यांभोवती, खांद्यांवर पट्टे होते. मळकट, करडे, भिंतीच्या रंगात मिसळून गेलेले. एरवी मी तिकडे पाहिलंही नसतं. पण आमच्या घरी गेले कित्येक महिने दुसरा विषय नव्हता. उंचावर काम करणाऱ्यांचे पट्टे भडक नारिंगी हवेत, खालून, लांबून, धुरकट हवेतही माणूस कुठे अडकलाय ते दिसलं पाहिजे, आणि अर्थात ते तुटता कामा नयेत. असे पट्टे विणणाऱ्या कारखान्याकडे आईच्या नव्या धाग्याची पहिली गाडी उद्या सकाळी निघणार होती. पांढरा धागा. रंगवणार ते, धुणार ते, विणणार ते. आणि माझ्या हातात त्याच धाग्याचा पट्टा होता, मऊ, लाल आणि दोन तुकड्यांचा.

ऊन उतरत होतं, बाक गरम होता, आणि मी उठत नव्हते. माझं असं होतं. मोठ्या गोष्टीसमोर मी आधी एखादी लहान गोष्ट पकडून बसते. मी पट्ट्याचं बकल बघत बसले. बकलला धार असेल, मला वाटलं. बकलला धार असली तर किती बरं होईल. अंगठा फिरवून पाहिला. बकल गुळगुळीत होतं, आणि पट्टा बकलपासून चांगला वीतभर खाली, जिथे तो हवेशिवाय कशालाच लागत नव्हता, तिथे तुटला होता.

आमचं घर धाग्यावर चालतं. बाबा पॉलिस्टरचा धागा ओढतात आणि आई तो रंगवते, दोघंही एकाच कारखान्यात, मध्ये एक अंगण आणि आयुष्यभराचं भांडण. बाबांच्या यंत्रात वितळलेलं पॉलिस्टर बारीक भोकांमधून आंघोळीच्या शॉवरसारखं खाली येतं, गार होतं, आणि मग रुळांवर ताणलं जातं. जितकं ताणाल तितका धागा मजबूत, कारण आतल्या साखळ्या कवायतीच्या रांगेसारख्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहतात. पण मग रंगाने शिरायचं कुठून? मी लहान असताना आई मला सांगायची की पॉलिस्टर म्हणजे एक तुसडी बाई आहे. तिला पाणी आवडत नाही, म्हणून पाण्याबरोबर आलेला रंगही आवडत नाही. प्रेशर कुकरसारख्या बंद भांड्यात तिला भरपूर तापवलं की मगच ती दार किलकिलं करते. त्यावर बाबा वर्तमानपत्रामागून म्हणायचे, "आणि ज्यांची दारं किलकिली असतात त्यांच्याकडे चोर शिरतो." आई म्हणायची, "चोर शिरायला घरात काहीतरी असावं लागतं." नव्या धाग्याचा रंग तपासायचा म्हणजे त्याची एक लांब नळी विणतात, बिनटाचेच्या मोज्यासारखी, तिला मोजाच म्हणतात, आणि ती रंगवून बघतात. काम झालेले मोजे आई घरी आणते. आमच्या उश्यांत मोजे, खुर्च्यांच्या पायांना मोजे, खिडकीला मोजे कापून जोडलेला पडदा, ज्यात निळ्याच्या इतक्या छटा आहेत की आमच्याकडे आलेला माणूस बोलता बोलता त्या पडद्याकडे बघत राहतो. "एक ना धड, भाराभर चिंध्या," बाबा म्हणतात. लहानपणी मी ते मोजे हातात खांद्यापर्यंत चढवून घरभर फिरायचे आणि मला वाटायचं की सगळ्यांच्याच घरी आई असं काहीतरी रंगवून आणत असेल.

मग ते वर्ष आलं. आईने एक नवा धागा करून घेतला होता. त्याच्या साखळीत अधूनमधून एक वेगळा कण ओवलेला, त्या कणाला रंग धरायची हौस. मोजा भांड्यातून बाहेर आला तेव्हा असा पेटलेला जांभळा होता की आईने तो गळ्याभोवती गुंडाळून घरी आणला. पण विणणाऱ्यांच्या मागावर तो धागा तटातट तुटला. तक्रारी आल्या, सगळ्यांची बैठक झाली, आणि त्या बैठकीत, सगळ्यांसमोर, बाबा म्हणाले की रंगाच्या हौसेपायी धागा गेला. खरं तेच म्हणाले. पण आई तिथे बसली होती. त्या दिवसापासून आमच्या घरातला धागाच संपला, म्हणजे त्याच्याबद्दलचं बोलणं. भांडण झालं नाही, झालं असतं तर बरं झालं असतं. "मीठ दे." "दूध आलं का?" "हिला उद्या लवकर जायचंय." दोघंही इतक्या सभ्यपणे बोलायची की मला भीती वाटायची. जेवताना चमच्यांचे आवाज यायचे. ताटाला लागलेला चमचा किती मोठ्याने वाजतो हे मला त्या वर्षी कळलं, आणि मी तो हळू ठेवायला शिकले. मग पावलं हळू टाकायला शिकले, दार हळू लोटायला, आणि हळू बोलायला. शाळेतही. बाई विचारायच्या आणि मी उत्तर द्यायचे ते पहिल्या बाकालाही ऐकू जायचं नाही. बाईंनी माझं नाव कुजबूज ठेवलं. वाईट हेतूने नाही, पण ते चिकटलं, आणि मला ते आवडायलाही लागलं होतं, हे सगळ्यात भयंकर. कुजबुजेकडून कोणी कशाची अपेक्षा करत नाही.

ते वर्ष संपलं ते एका बॉबिनने. एके संध्याकाळी बाबांनी जेवणाच्या टेबलावर, आईच्या ताटाशेजारी, पांढऱ्या धाग्याची एक बॉबिन ठेवली, वाटी ठेवावी तशी. म्हणाले, "तुझाच आहे. दोनदा ताणलाय. एकदम नाही, थोडा, मग गरम केला, मग पुन्हा थोडा. रंगवून बघ." आई बॉबिनकडे बघत राहिली. "किती दिवस करत होतास हे?" "मला कुठे दुसरं काम आहे?" बाबा म्हणाले. तिने धागा बोटाला गुंडाळून ओढला, बोट पांढरं पडलं, धागा तुटला नाही. तिने त्या रात्री बाबांना वाढताना भाजी जास्त वाढली आणि बाबांनी ती संपवली. नंतर धाग्याने रंग घेतला. मग काय विचारता! घरात पुन्हा आरडाओरडा, "तुझं तापमान चुकलं", "तुझा ताण चुकला", रविवारी सकाळी अंघोळी राहिलेल्या आणि टेबलावर मोज्यांचा ढीग. आणि मला माझा आवाज सापडला. कसा ते सांगता येत नाही. वक्तृत्व स्पर्धेत मी हात वर केला, माझाच हात मला परका वाटला, आणि बोलायला उभी राहिले तेव्हा शेवटच्या बाकावरच्या मुलांनी कान झाकल्याचं नाटक केलं. बाबा म्हणतात, "आमच्या घरी भोंगा बसवलाय." त्याच आठवड्यात आईने मला नव्या धाग्याचा पट्टा दिला, स्वतः रंगवलेला. "शाळेचा शर्ट पांढरा ना तुझा, म्हणून अगदी पक्का धुतलाय. घाम आला तरी रंग लागणार नाही." तो इतका मऊ होता! मांजरीच्या कानासारखा. सगळ्या मुली हात लावून बघायच्या. तो खांद्यावर असला की मी ताठ चालायचे. माझा आवाज आणि तो पट्टा एकाच आठवड्यात आले होते आणि मी दोन्ही एकत्रच वापरत होते.

म्हणून मी बाकावर बसून राहिले. घरी जाऊन सांगितलं तर काय होणार ते मला दिसत होतं. चमचे दिसत होते. आईचा चेहरा नाही, बाबांचा नाही, फक्त टेबल आणि तीन ताटं आणि ते आवाज. आणि नाही सांगितलं तर? काहीच होणार नव्हतं. पट्टा कचऱ्यात टाकायचा, दप्तर काखेत मारायचं, हरवला म्हणायचं. एक तर तुटलाय. एकाने काय होतं? मी लहानपणापासून ऐकत आलेय की एका नमुन्यावरून काही ठरवायचं नसतं. बाबाच म्हणतात. बघा, माणसाला स्वतःला फसवायचं असलं की शास्त्रही कसं धावत मदतीला येतं! मी वर पाहिलं. खालचा रंगारी आता भिंतीकडे पाठ करून, दोन्ही हात सोडून, पट्ट्यावर निवांत मागे रेलला होता आणि बाटलीतून पाणी पीत होता. इतका निवांत माणूस मी कधी खुर्चीतही पाहिला नाही. तो कशावर रेललाय याचा त्याच्या डोक्यात विचारसुद्धा नव्हता. मी दप्तर छातीशी धरलं आणि चालायला लागले. वाटेत मी वाक्यं जुळवत होते. स्पर्धेसाठी जुळवते तशी. "आई, घाबरू नकोस, पण." "बाबा, समजा एखादा पट्टा." सगळी वाक्यं कुजबुजीतली होती.

घरात शिरले तर आई गाणं गुणगुणत उद्याच्या कपड्यांना इस्त्री करत होती. तिला एकही गाणं सुरात येत नाही आणि ती आनंदात असल्याशिवाय प्रयत्नही करत नाही. बाबा लवकर आले होते, टेबलाशी बसून चहा पीत होते. "भोंगा आज शांत कसा?" त्यांनी विचारलं. मी दप्तर टेबलावर ठेवलं. जुळवलेलं एकही वाक्य आलं नाही. "आई, पट्टा तुटला."

"रविवारी शिवून देते," आई वर न बघता म्हणाली.

"शिवण नाही. पट्टा. मधूनच."

इस्त्री थांबली. बाबांनी पट्टा हातात घेतला, फिरवला आणि म्हणाले, "बकलला घासला असेल." इतक्या मायेने म्हणाले! मला त्या क्षणी कळलं की ते आईसाठी म्हणतायत, आणि माझ्यासाठीही तेच दार उघडं आहे. नुसतं "हो" म्हणायचं होतं. एक अक्षर. "बकल इथे आहे बाबा," मी म्हणाले, "आणि तुटलाय तो इथे." माझा आवाज मला नको होता तेवढा मोठा निघाला.

आईने इस्त्री बंद केली. ती आली, तिने पट्ट्याचा एक धागा उसवून दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळला आणि ओढला. ओढला असंही म्हणता येत नाही, नुसती बोटं लांब केली, आणि तो भिजल्या कागदासारखा सुटला. दुसरा. तिसरा. मग तिने कपाटातून पांढरी बॉबिन काढली. तो धागा बोटात रुतला, तुटला नाही. मग प्रयोगशाळेतला नारिंगी मोजा काढला, त्याचा धागा उसवला. तोही तुटला नाही. "रंगाने नाही," ती स्वतःशी म्हणाली. बाबा म्हणाले, "उन्हाने?" "एवढ्यात? नाही." मी म्हणाले, "पण तो पहिल्यापासून वेगळाच होता ना गं. किती मऊ होता."

"मऊ?" आईने माझ्याकडे पाहिलं.

"रेशमासारखा. सगळ्या मुली हात लावायच्या. तू म्हणालीस ना, शर्टाला रंग लागू नये म्हणून पक्का धुतलाय."

आईने पट्टा गालाला लावला आणि डोळे मिटले. मला वाटलं ती रडतेय. ती रडत नव्हती, ती आठवत होती. "कॉस्टिक," ती म्हणाली. रंगवून झाल्यावर वर चिकटलेला जास्तीचा रंग काढायला पॉलिस्टरला गरम कॉस्टिकच्या, म्हणजे जहाल खाऱ्या सोड्याच्या, पाण्यात धुतात. जगात सगळे तसंच धुतात, तिनेच किती जणांना शिकवलंय. साध्या पॉलिस्टरला त्याने ओरखडाही उठत नाही. पण ज्या फटीतून या नव्या धाग्यात रंग शिरत होता, तिथूनच कॉस्टिकही शिरलं होतं आणि धागा आतूनबाहेरून खात सुटलं होतं. "लॅबमध्ये?" बाबांनी विचारलं. "लॅबमध्ये साबण. एवढ्याशा मोज्याला कॉस्टिक कोण देतं? तू ओढून बघितलास तो कोरा धागा, मी रंगवून ओढला तो साबणाने धुतलेला. कॉस्टिक दिलं ते फक्त हिच्या पट्ट्याला. जास्तच दिलं." ती एकदम हसली, अगदी वाईट हसली. "पोरीचा शर्ट खराब होऊ नये म्हणून."

बाबा उठून तिच्याजवळ गेले. "त्यांना कळवू ना. कॉस्टिक वापरू नका, साबणाने धुवा. मोठ्या अक्षरांत लिहून पाठवू. गाडी कशाला थांबवायची?" आणि आई म्हणाली, "रात्रपाळीला कोणीतरी असेल. दमलेला. हात आपोआप कॉस्टिककडे जाईल त्याचा. माझा नाही गेला? मी केलाय हा धागा. माझा हात गेला." आईने फोन उचलला आणि मोठ्या साहेबांना लावला. मी तिची पाठ बघत होते. "गाडी सोडू नका. नाही साहेब, उद्याही नाही. तुटतोय. माझ्या घरी तुटला. हो, माझीच चूक." पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता, शब्द नाही, नुसता चढउतार. आई मध्ये मध्ये "हो" म्हणत होती. मग म्हणाली, "द्या. हे काम दुसऱ्या कोणाला द्यायचं असेल तर द्या, पण हा असा धागा कोणाच्या कमरेला जाणार नाही." फोन ठेवला. अर्धी इस्त्री झालेले कपडे तिने घडी न घालता कपाटात ठेवले.

आणि मग जेवायला बसलो. तीन ताटं. आईने एक घास घेतला आणि चमचा ठेवला, तो वाजला. बाबांनी पाण्याचा पेला इतका अलगद ठेवला की मला किंचाळावंसं वाटलं. ते गप्पपण परत आलं होतं. मी त्याला चांगली ओळखत होते, ते कुठून येतं, कुठे बसतं, माझ्या घशात कसं उतरतं. मागच्या वेळी मला वाटलं होतं की शांतता हे मोठ्या माणसांचं काम आहे, ती आणतात, तीच नेतील, आपण चमचा हळू ठेवायचा. आत्ताही माझा हात चमचा हळू ठेवायला निघाला होता, सवयीने, आईचा हात कॉस्टिककडे गेला होता तसाच. मी चमचा हातातच धरून ठेवला.

"मग कॉस्टिकशिवाय तो जास्तीचा रंग काढायचा कसा?" मी विचारलं.

"जेव," आई म्हणाली.

"जेवतेय. पण कसा?"

मी पुन्हा विचारलं, आणखी मोठ्याने, आणि माझे कान लाल झाले तरी विचारलं, "नुसत्या साबणाने तुमचा नारिंगी चालेल, पण माझा लाल? गडद रंगाला साबण पुरतो?"

"नाही पुरत," आई ताटाकडे बघत म्हणाली.

बाबांनी घसा खाकरला. "खारं त्याला खातं म्हणतेस तर आंबटात धुवून बघता येईल. म्हणजे, मला वाटतं."

आईने मान वर केली. तिचे डोळे सुजलेले होते आणि केसांची बट गालाला चिकटली होती. "तुला काय कळतं रे धुण्यातलं? आंबट म्हणे! लिंबू पिळणार आहेस?" तिचा आवाज चिरका होता, पण मोठा होता, शेजाऱ्यांना जाईल एवढा. बाबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि मी त्यांच्याही आधी बोलले.